बॅण्डचं नाव बदलायचंय, तातडीने मदत हवी

खर्जातला:
मंडळी, आमच्या बॅण्डचं नाव बदलायचं आहे आणि ते याच आठवड्यात ठरायला हवं. पोस्टर छापायला जाणार आहे, आयोजक रोज विचारतात. नावांची यादी काढली की प्रत्येक नाव कुणाला तरी खटकतं. मतदान घेतलं तर दोन-दोन अशी बरोबरी. नाव ठरवायचं कसं? आणि बदललं तर आधीच्या गाण्यांचं काय होतं? ज्यांनी स्वतः हे केलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

समेवर:
जुनं नाव काय आहे? बदलायचं कारण? कोणत्या प्रकारचं संगीत? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग सुचवणार काय?

काळी चार:
नाव मराठीच ठेवा आणि दोन शब्दांच्या पुढे जाऊ नका. कागदावर लिहून अनोळखी माणसाला मोठ्याने वाचायला द्या. तो अडखळला तर स्टेजवर निवेदकही अडखळणार. मग तेच नाव फोनवरून एकदाच सांगा आणि समोरच्याला लिहून घ्यायला लावा. या दोन चाचण्यांत बहुतेक नावं गळतात.

समेवर:
मराठी नावाला माझा विरोध नाही, पण रोमन स्पेलिंग आधी ठरवा. नावात ळ, ण, श किंवा दीर्घ स्वर असला की लोक तीन-चार तऱ्हांनी टाइप करतात आणि शोधात तुम्ही सापडत नाही. एकच स्पेलिंग घ्या आणि पोस्टर, व्हिडिओ, गाणी सगळीकडे तेच वापरा.

खर्जातला:
जुनं नाव इथे लिहीत नाही, त्यावरून वाद चालू आहे. कॉलेजात आम्ही चौघांनी सुरू केलं तेव्हा चौघांची आद्याक्षरं जोडली होती. आता एक जण बाहेर पडला आणि गायिका नवीन आली. तिचं अक्षर त्यात नाही, गेलेल्याचं आहे. रॉक, स्वतःची गाणी. आता नाव सुचवा.

निषाद:
बदलू नका! ॲबा या स्वीडिश पॉप बॅण्डचं नाव चौघांच्या आद्याक्षरांचंच आहे. स्वीडनमध्ये त्याच नावाची मासळी डबाबंद करणारी कंपनी आधीपासून होती. त्यांनी तिची परवानगी घेतली आणि १९७४ची युरोव्हिजन गीतस्पर्धा त्याच नावाने जिंकली. श्रोत्यांना अक्षरांशी घेणंदेणं नसतं, नाव कानात बसलं की झालं.

बेसवाला:
निषाद, ॲबात शेवटपर्यंत तेच चौघे होते. इथे माणूस बदललाय. नवी गायिका प्रत्येक कार्यक्रमात दुसऱ्याच्या अक्षराखाली उभी राहणार, हे मला तरी बरं वाटत नाही.
धागाकर्ते, गेलेला माणूस नावाबद्दल काय म्हणतो? गाणी प्रकाशित आहेत का? असतील तर वितरकाचं, म्हणजे गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या कंपनीकडचं, खातं कुणाच्या ईमेलवर आहे?

वाचनमात्र:
रेडिओहेड हा इंग्लिश रॉक बॅण्ड आधी ‘ऑन अ फ्रायडे’ होता, कारण सराव शुक्रवारी व्हायचा. १९९१ मध्ये ईएमआय या रेकॉर्ड कंपनीशी करार झाल्यावर कंपनीच्या सांगण्यावरून नाव बदललं. सुरुवातीचं नाव सोयीचं असतं, ते कायमचं असायलाच हवं असं नाही.

काळी चार:
गायक गेला आणि गायिका आली असेल तर नावाआधी पट्टीचं बघा. पुरुषाच्या पट्टीतली गाणी तशीच ठेवली तर तिचा आवाज खर्जात घुसमटेल. काळी एक पट्टीतली गाणी काळी चारमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत, नेऊन पाहा. गिटारवर कॅपो (पट्टी चढवायला तारांवर लावायचा चिमटा) लावून भागेल, पण बेस आणि कीबोर्डवाल्यांना नव्याने बसवावं लागेल.

खर्जातला:
काळी चार, पट्टी बदलून झाली आहे, तो प्रश्नच नाही. गेलेला गिटारवाला होता, आधी मीच गायचो.
गाणी स्ट्रीमिंगवर आहेत. खातं त्याच्याच ईमेलवर आहे. तो म्हणतो, नाव त्याला सुचलं होतं म्हणून ते त्याचं. शिवाय परदेशातल्या कुठल्यातरी बॅण्डचं नाव तेच आहे आणि त्यांची गाणी आमच्या पानावर येतात. पण मला नवीन नाव हवंय, त्याच्याशी भांडायचं नाही.

बेसवाला:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं, सगळं गाडं इथेच अडलंय. नाव कोणतंही ठेवा, खातं त्याच्याकडे असेपर्यंत तुम्ही जुन्या गाण्यांवरचं नाव बदलू शकत नाही.
आम्ही बदललं तेव्हाचं सांगतो. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. गाणं नव्या नावाने पुन्हा चढवताना तोच क्रमांक, तीच ऑडिओ फाइल आणि तोच कालावधी दिला तर ऐकल्याचे आकडे सहसा जुळून येतात. नवा क्रमांक घेतला तर शून्यापासून सुरुवात. नवं गाणं पानावर दिसेपर्यंत जुनं काढू नका. घाईत जुनं आधी काढणारे मी पाहिलेत, महिनाभर त्यांचं एकही गाणं सापडत नव्हतं.

निषाद:
पण मुळात नाव सोडायचंच का? त्याने सुचवलं म्हणून ते त्याचं होत नाही. रॉजर वॉटर्स १९८५ मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बॅण्डमधून बाहेर पडले, तरी उरलेल्यांनी त्याच नावाने काम केलं. हक्क सोडू नका, कॉपीराइट तुमचा आहे.

समेवर:
नावाला सहसा कॉपीराइट लागू होत नाही, तो विषय ट्रेडमार्कचा. नोंदणीत करमणुकीच्या सेवा वर्ग ४१ मध्ये येतात. आणि पिंक फ्लॉइडचं उदाहरण देताना पुढचंही सांगा. त्यावरून वकिलांपर्यंत प्रकरण गेलं आणि तडजोड व्हायला १९८७ चा डिसेंबर उजाडला. तेव्हा ते जगभर गाजलेले होते, त्या नावासाठी झगडण्यात अर्थ होता. हौशी बॅण्डने कशासाठी झगडायचं? तसंही या नावाचा दुसरा बॅण्ड आहेच.

निषाद:
अर्थ आहे. ज्या श्रोत्यांनी ते नाव लक्षात ठेवलं त्यांच्यासाठी.

बेसवाला:
ते श्रोते तुटू नयेत म्हणून काही महिने नव्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘पूर्वीचे अमुक’ छापा. आम्ही तेच केलं, लोक आले.
आता मतदान. दोन-दोन होतंय कारण तुम्ही आवडीवर मत घेताय. प्रत्येकाला एकच नकार द्या, कारण न देता वापरायचा. यादीतून चार नावं बाद होतील, उरलेल्यांतून गायिकेला निवडू द्या. ती नवीन आहे, जुन्या भांडणात नाही.

खर्जातला:
हे पटलं. आज त्याच्याशी बोललो. गाण्यांवर गिटारवादक आणि सहसंगीतकार म्हणून त्याचं नाव कायम राहील हे लिहून दिलं तर खातं द्यायला तयार आहे. जुनं नाव तोही वापरणार नाही, आम्हीही नाही. नव्या नावासाठी उद्या सरावाला बसतोय. आयोजकांकडून दोन दिवस मागून घेतले.

वाचनमात्र:
लिहून देताना गाण्यांची यादी आणि प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहा. नुसतं ‘सहसंगीतकार’ पुरत नाही.

बेसवाला:
आणि खातं घेताना ईमेलबरोबर फोन नंबरही बदलून घ्या, नाहीतर ओटीपी त्याच्याकडेच जात राहील. पैसे कुठल्या बँक खात्यात जमा होतात तेही त्याच वेळी तपासा.