चर्चा: ९ ऑगस्टला शाळेत नाच ठेवायचा, की मुलांना गोंडांचं नागपूर दाखवायचं?

महालवाला:
जागतिक आदिवासी दिनाला आपल्या शाळांत भाड्याचे पोशाख, डोक्यात पिसं, मागच्या भिंतीवर वारली चित्रं आणि तारपा नाच. वारली, तारपा पालघरकडचे. इथल्या गोंडांचं त्यात काहीच नाही. माझं म्हणणं, नाच बंद करा आणि सकाळी सातला पायी फेरी काढा. देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास 'राजापूर बारसा' ही बारा खेडी जोडून हे शहर वसवलं. सक्करदरा, फुटाळा, सीताबर्डी त्यातलीच. जुम्मा तलाव (आजचा गांधीसागर) आणि शहराचा कोट त्याच्यानंतरचा राजा चांद सुलतानच्या काळातला. कोटाचा जुम्मा दरवाजा म्हणजेच गांधी गेट. आधी तलाव, मग दरवाजा, शेवटी महाल हा जुना भाग. वीस मुलांमागे दोन मोठी माणसं हवीतच, गांधी गेटजवळ नऊनंतर रहदारीमुळे थांबून बोलता येत नाही.

देवरीकर:
पटलं नाही जी. राजा, कोट, दरवाजा एवढंच दाखवलं तर आदिवासी म्हणजे होऊन गेलेले लोक, हेच मुलांच्या डोक्यात बसेल. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर आहेत. नाच वाईट नाही, तो बसवण्याची पद्धत वाईट. गावातलं पथक दोन महिने आधी ठरवा. कोणती गाणी लोकांपुढे म्हणायची, ते त्यांनाच ठरवू द्या. पेनाची, म्हणजे देवाची, गाणी करमणुकीला मागू नका. प्रवासखर्च आणि मानधन ठरवून द्या, शाल-श्रीफळावर भागवू नका. आणि स्टेज नको, मैदान द्या. रेला हा गोंडांचा नाच हातात हात धरून गोलात नाचतात. स्टेजवर प्रेक्षकांकडे तोंड करायला लावलं की गोल मोडतो, रांग होते आणि मुलांना आत शिरता येत नाही.

काटोल रोड:
दोघांच्याही नजरेतून एक सुटलं. वर्गातल्या आदिवासी मुलाला उभं करून "तुमच्यातलं काही करून दाखव" म्हणू नका. आडनावावरून तर नाहीच.
गोंडीत फलक लावणार असाल तर त्याचंही सांगते. मुन्शी मंगलसिंग मसाराम यांची गोंडी लिपी १९१८ ची, पण युनिकोडमध्ये आली २०१७ ला. फ्लेक्सवाल्याकडे फॉन्ट नसतो, म्हणून अक्षरांच्या जागी चौकोन छापून येतात. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ द्या, खाली तेच देवनागरीत लिहा. गुंजाळा गोंडी ही वेगळी लिपी, दोन्हींची सरमिसळ नको. भागाभागात शब्द बदलतात, म्हणून छापण्याआधी इथल्याच गोंडी बोलणाऱ्याला वाचायला द्या. आणि मराठीची बोली म्हणून ओळख करून देऊ नका, गोंडी द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे.

महालवाला:
मैदानातला रेला मान्य, पिसं नाही. पण फेरी सोडणार नाही. पावसाने फेरी हुकली तर अजब बंगला आहे, १८६३ पासूनचं संग्रहालय. सोमवारी बंद असतं, तेवढं बघा.

देवरीकर:
मग फेरी महालात संपवू नका, सीताबर्डीत गोवारी स्मारकापर्यंत न्या. २३ नोव्हेंबर १९९४ ला मोर्चात चेंगरून गोवारी समाजातले ११४ लोक मेले. अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला आले होते ते.

काटोल रोड:
पाचवीच्या मुलांना नाही. आठवीपासून न्या, आणि मागणी काय होती ते आदल्या दिवशी वर्गात शिकवा. नाहीतर ११४ हा आकडा तेवढा लक्षात राहील.