रेकॉर्ड रूममधल्या मोठ्या अर्जांना आधी तपासणी सक्तीची करावी का?

जुना दप्तरी
महसूल खात्यात ३२ वर्षं काढली, त्यातली शेवटची ९ अभिलेख कक्षात. रुमालात बांधलेले गठ्ठे, शिडी, वाळवी आणि डांबरगोळ्या. माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ ला लागू झाला, तेव्हा मी वरच्या संकलनात, म्हणजे फाइली चालवणाऱ्या शाखेत, होतो आणि मनापासून खूश होतो. खाली रेकॉर्डला आलो आणि जोडपत्र 'अ'चे, म्हणजे माहिती अधिकाराच्या नमुन्यातले, अर्ज हातात पडायला लागले, तेव्हा दुसरी बाजू कळली.

नमुना सांगतो. "सन १९७० पासून आजपर्यंत तालुक्यातील सर्व अकृषिक परवानग्यांच्या संचिकांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात." अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप. आम्ही दोघं माणसं, त्यातला एक कायम निवडणुकीच्या कामाला. पाच-सहा दिवस गठ्ठे सोडून पानं मोजायची, २ रुपये पानाप्रमाणे पैसे भरा असं पत्र काढायचं, आणि अर्जदार पुन्हा फिरकायचा नाही. काही तर एकतिसाव्या दिवसाची वाट बघणारे. ३० दिवसांची मुदत टळली की कलम ७(६) प्रमाणे सगळं फुकट.

म्हणून माझं मत: अर्ज अनेक वर्षांचा किंवा शंभर पानांच्या वरचा असेल, तर अर्जदाराने आधी येऊन रेकॉर्ड बघावं, हव्या त्या पानांना चिठ्ठ्या लावाव्यात, मगच प्रती. आपल्या राज्याच्या नियमात तपासणीचा पहिला तास फुकट आहे, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. हेच सक्तीचं करा. तुम्हाला काय वाटतं?

बांधावरून
काका, राग मानू नका, पण तुमची ही 'सक्ती' आम्ही आधीच भोगतोय, फक्त कागदावर नाही.

आजोबांच्या नावावरचा एक जुना फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) हवा होता. तीन वर्षांच्या नोंदी मागितल्या. उत्तर आलं: "माहिती विस्तृत स्वरूपाची असल्याने दि. १४ रोजी सकाळी ११ वाजता अभिलेख तपासणीसाठी उपस्थित राहावे." पत्र माझ्या हातात पडलं १७ तारखेला. लगेच गाडी काढून गेलो, तर तोवर फाइलला शेरा लागलेला: "अर्जदार उपस्थित राहिले नाहीत, सबब अर्ज निकाली." गावापासून तालुका ४० किलोमीटर. एक दिवसाचा रोज बुडाला, आणि वर मीच गैरहजर!

प्रथम अपील केलं तेव्हा कुठे दुसरी तारीख मिळाली. तुमचा नियम झाला की हीच युक्ती कायदेशीर होईल.

जुना दप्तरी
बांधावरून, खोटं कशाला बोलू? अशी पत्रं मीही टाइप केली आहेत. तारीख साहेब घालायचे, पण जावकला पत्र दोन दिवस पडून राहतं हे मला ठाऊक असायचं. ते चूकच होतं. पण युक्ती वाईट म्हणून तपासणी वाईट होत नाही.

तालुका कोर्ट
कायद्याचा मुद्दा मांडतो. कलम ७(९) म्हणतं की माहिती ज्या स्वरूपात मागितली त्याच स्वरूपात साधारणपणे द्यावी, फक्त त्यामुळे कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळवावी लागत असेल किंवा अभिलेखाच्या सुरक्षिततेला बाधा येत असेल तर वेगळं. म्हणजे या कलमाने स्वरूप बदलता येतं, माहिती नाकारता येत नाही. झेरॉक्सऐवजी तपासणी देणं यात बसतं, पण प्रत्येक अर्जाचा विचार करून, कारण लिहून. शंभर पानांच्या वर सरसकट सक्ती करायची तर कायद्यातच बदल हवा. शासन निर्णय काढून ते टिकणार नाही.

दप्तरी काकांच्या बाजूने एक: सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय निकालात म्हटलं आहे की ७५ टक्के कर्मचाऱ्यांनी ७५ टक्के वेळ माहिती गोळा करून पुरवण्यात घालवावा अशी स्थिती देशाला नको.

कलम चार
ते वाक्य प्रत्येक जन माहिती अधिकाऱ्याला तोंडपाठ आहे, निकाल मात्र कुणी वाचलेला नसतो. प्रकरण होतं परीक्षा मंडळाचं. विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघायची होती, आणि न्यायालयाने ती दाखवायला लावली! तेवढं सोडून मधलं वाक्य उचलायचं, असा सगळा प्रकार.

आणि काका, तुमची पाच-सहा दिवसांची मेहनत अर्जदारामुळे नव्हती. कलम ४(१)(क) बघा. अभिलेखांची सूची करा, निर्देशांक करा, शक्य तिथे संगणकावर घाला, हे काम अर्ज यायच्या आधीचं आहे. ते २००५ पासून झालं असतं, तर अर्जदाराने "१९७० पासून सर्व" असं लिहिलंच नसतं. संचिका क्रमांक टाकून दोन फाइली मागितल्या असत्या. माणसाला कपाटात काय आहे हे सांगायचंच नाही, आणि मग तो अख्खं कपाट मागतो म्हणून चिडायचं?

जुना दप्तरी
सूची आहे हो. गठ्ठ्याची आहे, गठ्ठ्यातल्या फाइलीची नाही. "गठ्ठा क्र. ११२, संकीर्ण" असं लिहिलेलं असतं. संकीर्ण या शब्दाने महसूल खात्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीनेही केलं नसेल.

साधा कारकून
अजून नोकरीत आहे म्हणून जास्त लिहीत नाही. विलंब झाला तर दिवसाला २५० रुपये दंड, जास्तीत जास्त २५,०००, आणि ते अधिकाऱ्याच्या पगारातून. आमचे नायब तहसीलदार जन माहिती अधिकारी आहेत, पण फाइल शोधणार मी. एकच गृहस्थ महिन्याला दहा-बारा अर्ज टाकतात. एक विषय आणि १५० शब्द असा नियम राज्याने २०१२ मध्ये आणला, तर त्यांनी एका अर्जाचे अकरा केले. नंतर कुणाला तरी फोन जातो, आणि अर्ज मागे घेतल्याचं पत्र येतं. मधे काय झालं ते तुम्हीच समजा.

रोखठोक
हेच म्हणतो. माहिती अधिकारवाले म्हणजे निम्मे खंडणीवाले. कारण विचारायला सुरुवात करा, सगळे गळतील.

कलम चार
'निम्मे' कुठून मोजलेत? कलम ६(२) मध्ये कारण विचारायला मनाई आहे, ती उगाच नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद काढायचे. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघालेल्या माणसाचा खून झाला. त्यांना "कारण काय" असं लेखी विचारलं असतं आणि ते कारण बारनिशीला (आवक-जावक नोंदीला) लागलं असतं, तर ते कोणाकोणाच्या टेबलावर पोचलं असतं, याचा विचार करा.

अर्ज मागे घेतल्यावर फाइल बंद का करता, हा माझा साधा प्रश्न साधा कारकून यांना. माहिती तयार असेल तर ती संकेतस्थळावर टाका. एकदा सगळ्यांसाठी खुली झाली की तिची किंमत कोण देणार? खंडणीचा धंदा तिथेच बसतो.

साधा कारकून
हे मला पटलं. साहेबांना पटेल का, सांगता येत नाही.

मोडी वाचते
तपासणी सक्तीची म्हणजे कोण काय तपासणार? जुन्या दप्तरातला मोठा भाग मोडी लिपीत आहे. माणूस तासभर फुकट बसेल आणि समोरचं पान उलटं आहे की सुलटं हेही त्याला कळायचं नाही. मग पुढच्या प्रत्येक पंधरा मिनिटांना ५ रुपये कशाचे घेणार?

दुसरं जास्त महत्त्वाचं. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, कुणबी नोंदी शोधायला. त्यानंतर काय झालं ते आठवा. कोतवाल बुकं, गाव नमुना १४, जुने जन्ममृत्यूचे रजिस्टर, शाळांचे दाखले, सगळं बाहेर निघालं. मोडीचे जाणकार बोलावले, स्कॅनर लागले, सुट्टीच्या दिवशी कार्यालयं उघडी राहिली. माझ्यासारख्या घरी बसून मोडी शिकलेल्या बाईलाही काम मिळालं. तेव्हा कोणी नाही म्हटलं की मनुष्यबळ नाही, माहिती विस्तृत स्वरूपाची आहे. वरून रेटा आला की गठ्ठे आपोआप सुटतात, आणि एकटा माणूस दहा रुपयांचं तिकीट लावून आला की शिडी मोडलेली असते.

जुना दप्तरी
ताई, हे मात्र बरोबर लागलं. त्या काळात आमच्या जुन्या कार्यालयातून मला फोन आला होता, "काका, नमुना १४ कुठल्या रॅकला होता?" निवृत्त माणसाला विचारावं लागलं, म्हणजे सूचीचा मुद्दा माझ्यावरच उलटला म्हणायचा.

तरी एक सांगतो. ती मोहीम होती, त्याला वेगळी माणसं होती. रोजच्या अर्जाला ती मिळत नाहीत.

तालुका कोर्ट
एक वेगळा प्रश्न. स्वतःच्या जमिनीचा फेरफार हवा तर साधा नक्कल अर्ज का करत नाहीत? स्कॅन झालेल्या जिल्ह्यांचे जुने सातबारे, फेरफार तर आता 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही दिसतात. माहिती अधिकार कशाला वापरायचा?

बांधावरून
वकीलसाहेब, नक्कल अर्ज केला होता आधी. खिडकीवरच्या माणसाने तो घेऊन टेबलावर ठेवला, बस. पोच नाही, क्रमांक नाही. "पुढच्या आठवड्यात या." माहिती अधिकाराला ३० दिवस आहेत, अपील आहे, दंड आहे. आमच्याकडे लोक म्हणतात, नक्कल अर्ज म्हणजे विनंती आणि माहिती अधिकार म्हणजे नोटीस. तुमच्या खिडक्या सरळ चालल्या, तर यातले निम्मे अर्ज येणारच नाहीत. (हे 'निम्मे' मीही मोजलेलं नाही.)

गाळलेलं पान
फाइलच सापडत नसेल तर तपासणी कशाची? मला उत्तर आलं, "सदर अभिलेख आढळून येत नाही." विषय संपला.

तालुका कोर्ट
संपत नाही. 'सापडत नाही' हे माहिती नाकारण्याचं कारण कायद्यात कुठेच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ च्या विश्वास भांबुरकर प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे: नीट शोध घ्या, चौकशी करा, जबाबदारी ठरवा. शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ आहेच. बेकायदा अभिलेख नष्ट करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अपिलात लेखी मागा: फाइल शेवटची कोणाकडे होती, आणि ती नष्ट केली असेल तर त्याची नोंद द्या.

जुना दप्तरी
नष्ट केल्याची नोंद हीच खरी मेख आहे. प्रत्येक फाइल बंद करताना तिच्यावर वर्ग घालायचा असतो. 'अ' म्हणजे कायम, 'ब' म्हणजे ३० वर्षं, 'क' त्याहून कमी, 'ड' म्हणजे वर्षभर. संकलनातून फाइली खाली येतात त्या वर्गाशिवाय. मग 'ड'चा कचरा 'अ'च्या डोक्यावर बसतो, आणि कधीतरी जागा करायला म्हणून काहीतरी रद्दीत जातं. काय गेलं, कोणालाच माहीत नसतं. चोरी वगैरे फार कमी वेळा असते. बहुतेक वेळा नुसता आळस.

गाळलेलं पान
आळस असेलही. पण माझ्याच लेआउटची फाइल बरोबर रद्दीत कशी जाते?

रोखठोक
मी सोमवारी जाऊन रेकॉर्ड बघतो, अर्जाची भानगडच नाही. दर सोमवारी ३ ते ५, शासनाचा २०१८ चा निर्णय आहे. जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक संस्था. कोणी का वापरत नाही?

कलम चार
हे तुमच्याकडून आलं म्हणून आनंद झाला! ही पद्धत पुणे महापालिकेत आधी रुजली, मग राज्यभर नेली. पण मी दुसऱ्या एका ठिकाणी निर्णयाची प्रत घेऊन गेलो, तर शिपाई म्हणाला, "सोमवारी साहेब मीटिंगला असतात."

आणि आता नवं हत्यार आलंय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ), म्हणजे वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं, आखूड केलं. वैयक्तिक माहिती एवढंच कारण आता पुरतं. रेकॉर्ड रूममधल्या कुठल्या कागदावर कुणाचं नाव नसतं हो? ८(२) मधला व्यापक जनहिताचा दरवाजा उघडा आहे, पण तो ढकलायचं काम अर्जदाराचं.

जुना दप्तरी
सगळं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. सक्ती मागे. पण मोठ्या अर्जात तपासणीचा पर्याय आधी द्यावा, तारीख अर्जदाराशी फोनवर ठरवावी, आणि आलेल्या माणसाला मोबाइलने फोटो काढू द्यावेत. कार्यालयात मशीन नसलं की मूळ फाइल शिपायाबरोबर बाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाते. फोटो काढू देण्यापेक्षा मला त्याचीच भीती जास्त वाटते.

आणि बांधावरून, पुढच्या वेळी अर्जात असं लिहा: "प्रथम तपासणी, त्यानंतर निवडलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती. तारीख दूरध्वनीवर कळवावी." गाव, गट नंबर, फेरफार क्रमांक आणि साल घाला. फेरफार क्रमांक सातबाऱ्यावर वर्तुळात लिहिलेला असतो. तेवढं असलं की रेकॉर्डचा माणूस गठ्ठा दहा मिनिटांत काढतो. मी काढायचो.

बांधावरून
वर्तुळाचं माहीत नव्हतं, उपकार झाले काका. पण पर्याय हा शब्द तुमच्या तोंडी पर्याय असतो, साहेबांच्या टेबलावर गेला की त्याची अट होते. तेव्हा माझा विरोध आवक करून घ्या, आणि या वेळी पोच द्या.