फोटो काढणारा कुठे होता? तुमचे अनुभव

काल माळ्यावरून बॅग काढताना तिच्यावर ठेवलेला जुना आल्बम डोक्यात पडला. अक्षरशः. टेंगूळ आलंय. बॅगेला नंबरचं कुलूप, नंबर कुणालाच आठवत नाही, म्हणून बर्फ लावत लावत आल्बमच चाळत बसले.

समुद्रकिनाऱ्यावरचा एक फोटो आहे. मी पाच-सहा वर्षांची, ओल्या वाळूत फतकल मारून, उन्हाने तोंड वेडंवाकडं. शंभरदा बघितला असेन. काल पहिल्यांदा खालची सावली दिसली. लांबलचक, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, डोकं थेट माझ्या फ्रॉकच्या टोकापर्यंत. बाबा! फोटो काढणाऱ्याने सूर्य पाठीशी ठेवायचा हा त्यांचा नियम. त्यामुळे आम्हा सगळ्यांचे डोळे मिचमिचे आणि त्यांची सावली फुकटात. मग नादच लागला. सात फोटोंत सावली, एकात बसच्या काचेत प्रतिबिंब. बाबा समोरून दिसतात असे फोटो फक्त दोन, त्यातल्या एकात डोकं अर्धं कापलंय. तो मी काढलेला.

बाबांना जाऊन चार वर्षं झाली.

तुमच्याकडच्या फोटोंच्या गोष्टी लिहा. कुठलाही फोटो चालेल, पण काढणारा कुठे होता तेही सांगा.

*

रुमाल टाकून ठेवते. मशीनमधले कपडे वाळत घालून येते.

*

चंद्रावरही हेच झालंय बरं का. १९६९ ला अपोलो ११ मध्ये कॅमेरा बहुतेक वेळ आर्मस्ट्राँगकडे होता. त्यामुळे तिथल्या गाजलेल्या फोटोंत दिसतो तो ऑल्ड्रिन. त्याच्या हेल्मेटच्या काचेत झूम करून बघा, एक छोटीशी पांढरी आकृती उभी आहे. तो आर्मस्ट्राँग. तुमच्या बाबांची बसची काच, त्याची ही.

*

घरचे म्हणाले असतील, एवढा लांब गेलास आणि स्वतःचा एक धड फोटो नाही!

*

आमच्या घरात ३६ हा आकडा उच्चारायचा नाही. डोंगरातली आठ दिवसांची सहल, मामाचा कॅमेरा, ३६ ची रोल. आकडा ३६ वर गेला तरी कॅमेरा क्लिक होतोय. मामा खूश, "रोल चांगली लागली, जास्तीचे निघतायत". ३७, ३८, ३९... तेव्हाच शंका यायला हवी होती. फिल्मचं टोक आतल्या चकरीत अडकलंच नव्हतं. खटका पुढे जातोय, आकडा पुढे जातोय, फिल्म आपली डबीत झोपलेली. (ज्यांच्याकडे अजून असला कॅमेरा आहे त्यांनी पुढचा खटका मारताना रोल गुंडाळायची खुंटी फिरतेय का ते बघत जा. फिरत नसेल तर फिल्म हलत नाहीये.)

धुऊन आली ती कोरी. आता गंमत अशी की फोटोच नसल्यामुळे त्या सहलीत काय झालं यावर तीस वर्षं भांडण चालू आहे. आई म्हणते बर्फ पडला होता. बाबा म्हणतात धुकं. मामाचं मत कुणी विचारत नाही.

*

मामांना सांगा, मी लहानपणी "आत काय दिसतं" म्हणून भर उन्हात कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं होतं. त्यापेक्षा कोरी परवडली, मारतरी नाही पडला.

*

आले. माझा फोटो फलाटावरचा. दादा पहिल्यांदाच घर सोडून नोकरीला निघालेला, गाडीच्या खिडकीत. फोटो आईने काढला. हललेला आहे. आई म्हणते गाडी सुटली म्हणून हलला. पण मागचा खांब, बाकडं, बाकड्यावरचा माणूस, सगळंच हललंय. गाडी सुटली तर खांब कशाला हलेल?

*

😢

*

अगं काय लिहिलंयस! मी ऑफिसात आहे.

*

हललेले दिसतात तरी. फोटो काढण्याची रीत शोधणाऱ्यांपैकी एक, फ्रान्सचा दागेर, त्याने १८३८ मध्ये पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला, भर रहदारीचा रस्ता, पण काही मिनिटं प्रकाश घ्यावा लागल्यामुळे चालणारी माणसं, गाड्या सगळं गायब. रस्ता ओस. एक जण तेवढा बूट पॉलिश करून घेत थांबला होता म्हणून उमटला.

*

विषयांतर होतंय, पण त्या चिकट पानांच्या आल्बममधून फोटो कसे काढायचे? एकाचा कोपरा फाडून झालाय माझा.

*

ताई, ओढू नका! आधी आहे तसाच मोबाईलवर फोटो काढून घ्या, खिडकीजवळ, फ्लॅश बंद. मग दात साफ करायचा दोरा, फ्लॉस, फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवा.

*

आमच्याकडचे सगळे लाल पडलेत. बंद कपाटात होते, ऊनही नाही लागलं.

*

अंधारातही उडतात. त्या काळच्या बऱ्याच रंगीत प्रिंटमध्ये निळसर, म्हणजे सायन, रंग आधी फिका होतो, मग उरतो तो लाल-पिवळा. स्कॅन करून बरेचसे सुधारता येतात.

*

फोनची गॅलरी उघडून मोजलं. साडेनऊ हजार फोटो. आई बारांत. त्यातल्या चारांत "अरे मी नको" म्हणत हात आडवा.

*

धागाकर्ती परत. फ्लॉस जिंदाबाद! समुद्रावाला फोटो अख्खा निघाला. मागे बाबांचं अक्षर! मला वाटलं माझ्याबद्दल काहीतरी असेल. पेन्सिलीने एवढंच: "ऊन. १६, १२५."

आई म्हणते हाच बॅगेचा नंबर.

*

हाहाहा, नाही हो! कडक उन्हात लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र १६ च्या आकड्यावर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या डबीवरच्या आकड्याजवळचा, १०० ची फिल्म असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. जुने फोटोवाले प्रकाश मोजायचं मीटर नसताना असंच काढायचे. वहीत लिहून ठेवायचे, तुमच्या बाबांनी फोटोमागेच लिहिलं.

*

सांगते आईला. १२५ लावून झालंय तिचं, आता ०१६ चालू आहे.