गेम 7: डेन्व्हरचा जुना मेळ की ओक्लाहोमाची राखीव खेळाडूंची लांब बेंच?

ट्रान्सहार्बर, ठाणे (रविवार, 18 मे 2025, सकाळी)

एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डेन्व्हर आणि ओक्लाहोमा समोरासमोर आहेत; जो आधी चार सामने जिंकेल तो पुढे. शुक्रवारी गेम 6 सकाळी सहाला सुरू झाला. पहिला हाफ घरी, तिसरा क्वार्टर ठाण्याच्या फलाटावर आणि चौथा ऐरोली ते वाशी दारात उभं राहून पाहिला. डेन्व्हर 119, ओक्लाहोमा 107. मालिका 3-3. आज रात्री 1 वाजता ओक्लाहोमा सिटीत निकाल लागेल. माझं मत सांगतो: डेन्व्हर जिंकेल, आणि जिंकेल ते आपल्या ताळमेळावर.

8 एप्रिलला, प्लेऑफआधी लीगचे तीनच सामने उरले असताना, डेन्व्हरच्या मालकांनी प्रशिक्षक मायकल मलोनला घरी पाठवलं. दहा हंगाम संघ घडवलेला आणि 2023 चं विजेतेपद मिळवून दिलेला माणूस! दुसरा कुठलाही संघ विस्कटला असता. हे मात्र नव्या प्रशिक्षकाच्या, डेव्हिड ॲडलमनच्या, हाताखाली आधीच्या फेरीत क्लिपर्सशी सात सामने भांडले आणि सातवा 120-101 ने जिंकले.

कारण डेन्व्हरचे योकिच आणि मरे 2016 पासून एकत्र खेळतायत. योकिच फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी पाठमोरा उभा राहतो, चेंडू दोन्ही हातांत डोक्याच्या वर. मरे त्याच्या खांद्याला घासून निघतो. चेंडू हातात द्यायचा, की स्वतः वळायचं, की रिंगखाली दबा धरलेल्या गॉर्डनकडे उंच टाकायचा, हे योकिच मरेच्या बचावपटूचा पाय कुठे पडतो ते बघून ठरवतो. ही गोष्ट फळ्यावर खडूने काढून शिकवता येत नाही.

कोपरखैरणे

दादा, डेन्व्हरवर माझाही जीव आहे, पण हे पटत नाही. गेम 5 आठवा. योकिचचे 44 पॉइंट, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला आघाडी, आणि तरी 112-105 ने हरले. ओक्लाहोमाच्या डॉर्टने शेवटच्या क्वार्टरला लांबून तीन थ्री (तीन पॉइंटांचे बास्केट) मारले तेव्हा डेन्व्हरचे खेळाडू हात वर करायला उशिरा पोचत होते. कुणाला जायचंय ते माहीत होतं, पण पाय उचलत नव्हते. गेम 4 ला तेच, 92-87.

मी शाळेच्या मुलींना शिकवते. मे महिन्यात सिमेंटच्या कोर्टवर पाच मुलींनी पूर्ण सामना खेळला की चौथ्या क्वार्टरला काय होतं ते दर वर्षी बघते. चेंडू जातो तो बरोबर जागी, फक्त अर्ध्या सेकंदाने उशिरा. तेवढ्यात समोरचा हात आडवा येतो. त्याला तुम्ही ताळमेळ बिघडला म्हणाल, मी दमल्या म्हणेन.

पाचपाखाडी

ट्रान्सहार्बरशी सहमत. मी बारा वर्षं गोविंदा पथकात दुसऱ्या थराला होतो. 2012 ला ठाण्यात नऊ थर लागले तेव्हा गर्दीत उभा होतो. थर लावताना ताकदीचा गडी शोधणं अवघड नसतं. खांद्यावर पाय पडला की कुणाचा आहे हे न बघता कळलं पाहिजे, त्यासाठी गुरुपौर्णिमेपासून तीच माणसं त्याच जागी लागतात. डेन्व्हरचे पाच जण असे आहेत. ओक्लाहोमाची पोरं जबरदस्त, पण गेम 7 चं ओझं अंगावर पडल्यावर काय होतं ते त्यांनी एकत्र अजून पाहिलेलं नाही.

खारघर, सेक्टर 12

दहीहंडीचं उदाहरण सुंदर आहे, पण इथे लागू होत नाही. थरात मधेच माणूस बदलता येत नाही, बास्केटबॉलमध्ये दर चार मिनिटांनी बदलतो.

आणि वर्षानुवर्षं एकत्र राहिल्यानेच मेळ जमतो हेही खरं नाही. कारुसो आणि हार्टेनस्टाइन ओक्लाहोमात याच हंगामात आले. तरी संघाने 68 सामने जिंकले, आणि सामन्यामागे सरासरी 12.9 पॉइंटांचा फरक ठेवला. लीगच्या इतिहासात एवढा फरक आधी कुणी ठेवला नव्हता. त्यांचा मुख्य खेळाडू शे गिल्जस-अलेक्झांडर बाहेर बसला तरी कोण कुणाला गाठणार हे दहाही जणांना ठाऊक असतं. प्रत्येकाला आपलं काम नेमकं माहीत असणं, माझ्या लेखी हीच केमिस्ट्री.

ट्रान्सहार्बर, ठाणे

कारुसोचा मुद्दा मान्य. पण मग डेन्व्हरचा झोन डिफेन्सही मोजा, म्हणजे माणसामागे न धावता प्रत्येकाने आपली जागा राखायची. त्या झोनने ओक्लाहोमाला या मालिकेत अडखळवलं, आणि एकमेकांवर विश्वास नसेल तर झोन समोरच्याच्या चारच चढायांत फाटतो. बेंच म्हणाल तर शुक्रवारी आपल्या स्ट्रॉदरने 15 मारले. मरे आजारी होता, तरी 25.

कोपरखैरणे

स्ट्रॉदर एका रात्री चालला. खरी काळजी गॉर्डनची आहे. गेम 6 च्या शेवटी त्याचं हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) गेलं, ग्रेड 2 म्हणजे मधल्या दर्जाची दुखापत म्हणतायत. डेन्व्हरच्याच पोर्टरचा खांदा क्लिपर्सच्या मालिकेपासून दुखतोय. तुम्ही ज्या उंच पासचं वर्णन केलंत त्याच्या टोकाला गॉर्डन असतो. तो उडीच मारू शकला नाही तर योकिचने चेंडू टाकायचा कुणाकडे? माझ्या मुलीला अशी दुखापत असती तर मी तिला खेळवलं नसतं, फायनल असली तरी.

पाचपाखाडी

तो खेळणार. अशा वेळी माणूस बाहेर बसत नाही.

खारघर, सेक्टर 12

खेळेल, आणि म्हणूनच वाईट वाटतं. ओक्लाहोमा पंधराच्या वर फरकाने.

ट्रान्सहार्बर, ठाणे (सोमवार, सकाळी)

ओक्लाहोमा 125, डेन्व्हर 93. पहिल्या क्वार्टरला आघाडी आपली होती, हाफटाइमला 60-46 मागे. 6 फूट 5 इंचांचा कारुसो 6 फूट 11 च्या योकिचला पुढून चिकटला आणि चेंडू त्याच्यापर्यंत पोचूच देईना. पोचला की दुसरा धावून यायचा. योकिच 20 वर थांबला, शे ने 35 केले.

कोपरखैरणे, पायांबद्दल तुम्ही बरोबर होतात. मी मेळ बघत बसलो, तो पेलायला माणसं किती शिल्लक आहेत ते मोजलं नाही. 2023 च्या विजेत्या संघातले कॅल्डवेल-पोप आणि ब्रूस ब्राउन गेल्यावर त्यांच्या जागा कधी भरल्याच नाहीत, आणि दोन वर्षांची ती उधारी काल एका रात्रीत वसूल झाली.

गॉर्डन मात्र खेळला. धावताना एक पाय ओढत होता. तरी 11 रिबाउंड आणि 8 पॉइंट. तिसऱ्या क्वार्टरला सामना हातातून गेलेला दिसत असताना तो सुटलेल्या चेंडूमागे गेला, तेव्हा मी फोन उशीवर ठेवून नुसता बघत राहिलो.

ॲडलमनला कायम करा आणि बेंचला दोन भरवशाचे गडी आणा. पाच जणांना हात लावू नका. ऑक्टोबरात इथेच भेटू, माझं मत तेव्हाही डेन्व्हरलाच.

कोपरखैरणे

पोर्टरबद्दल मी भांडणार आहे. पण आज नको, सराव आहे साडेसातला.