नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनचं) काम कसं मिळेल?

प्रश्न: आयटीआय टर्नर झालंय. गेटवर बायोडेटा देतो, पण ऑर्डरच नाहीत म्हणतात. काय करू?

उत्तर १: गेटवरचा बायोडेटा बहुतेकदा वॉचमनच्या टेबलावरच राहतो. मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणारी ८-१० मशिनची जॉबवर्क युनिटं (दुसऱ्यांचे पार्ट बनवून देणारे छोटे कारखाने) गाठा, तिथे मालक स्वतः भेटतो. बायोडेटाच्या पहिल्याच ओळीत कंट्रोलर (मशिन चालवणारी कॉम्प्युटर यंत्रणा) लिहा, फानुक की सिमेन्स. सेटिंग (मशिन कामासाठी लावणं) येतं की नुसतं लोडिंग (पार्ट चढवणं-उतरवणं), तेही.

उत्तर २: ट्रायलला मुलं मापातच अडकतात. मायक्रोमीटरचं थिंबल (फिरवायची नळी) आवळू नका, जॉब (मशिनवर बनवलेला पार्ट) मापात कमी भरतो. आधी शून्य तपासा, मग रॅचेटने (टोकाच्या छोट्या फिरकीने) टेकवा, तीन टिकटिक पुरे. जॉब गरम असताना मापाल तर थंड झाल्यावर अंडरसाइज (मापापेक्षा लहान) निघेल.

उत्तर ३: ठेकेदाराकडून लागलात तर यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागाच, पीएफ दरमहा जमा होतोय का बघा. नोकरीसाठी अनामत मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका!