मदत हवी आहे: १९९० च्या पिनबॉल मशीनचे झिजलेले भाग बदलावेत की राहू द्यावेत?

अबोली

नमस्कार मंडळी. पिनबॉल मशीन उघडून दुरुस्त केलेलं किंवा निदान जुन्या यंत्रांची डागडुजी करणारं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे. मजकूर लांबला आहे, पण तपशिलाशिवाय प्रश्न कळणार नाही.

मी शिकागोजवळ शॉमबर्गला राहते. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांकडून नुकतंच 'फनहाउस' हे मशीन विकत घेतलं. विल्यम्स कंपनीचं, १९९० चं. आजोबांचं पूर्वी बोलिंग सेंटर होतं, तिथे ते अनेक वर्षं चालत्या धंद्यात उभं होतं. सेंटर बंद झाल्यावर त्यांच्या तळघरात आलं. आता ते मुलीकडे ॲरिझोनाला गेले आणि मशीन आमच्याकडे आलं.

ज्यांनी पिनबॉल पाहिलेलं नाही त्यांनी सुट्टीत खेळायचं बॅगेटेल आठवावं, खिळे ठोकलेली फळी आणि स्प्रिंगच्या दांड्याने उडवायचे छर्रे. पिनबॉल त्याचंच वंशज. तो स्प्रिंगचा दांडा सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्हने १८७१ मध्ये पेटंट केला. १९४७ मध्ये गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनमध्ये फ्लिपर, म्हणजे बटण दाबून चेंडू परत वर मारायचे छोटे दांडे, आले आणि चेंडू खाली पडताना नुसतं बघत बसायची वेळ संपली. गॉटलीब, बॅली, विल्यम्स या कंपन्या सगळ्या शिकागोच्याच, त्यामुळे इथे हे मशीन घरात असणं मला फार मोलाचं वाटतं.

फनहाउसची रचना पॅट लॉलरची. साधारण पावणेअकरा हजार मशीन बनली. आत रुडी नावाच्या बाहुल्याचं मोठं डोकं आहे. तो बोलतो, पापण्या मिटतो, त्याची बुबुळं चेंडूच्या मागे फिरतात. आवाज एड बूनचा, म्हणजे पुढे 'मॉर्टल काँबॅट' बनवणाऱ्या दोघांपैकी एकाचा. फळीच्या मधोमध घड्याळ आहे. खेळत खेळत ते बारापर्यंत न्यायचं. बारा वाजले की रुडी तोंड उघडं टाकून झोपतो आणि त्या उघड्या तोंडात चेंडू मारायचा. माझ्या मुलाला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा त्याने घर डोक्यावर घेतलं होतं.

आता दुखणं सांगते. फ्लिपर मलूल झालेत, चेंडू रॅम्पच्या, म्हणजे वर चढणाऱ्या उताराच्या, अर्ध्यावरून परत येतो. रबर रिंगा कडक होऊन तडकल्यात. निम्मे दिवे लागत नाहीत. हे सगळं बदलायचं हे नक्की, त्यात दुमत नाही.

प्रश्न पुढचा आहे. घड्याळाच्या आकड्यांभोवती प्लेफील्डचा, म्हणजे चेंडू धावतो त्या फळीचा, रंग उडून लाकूड दिसतंय. दिव्यांवरच्या प्लास्टिकच्या टिकल्या, म्हणजे इन्सर्ट, काही ठिकाणी खाली बसल्यात. रुडीचा खालचा ओठ आणि हनुवटी चेंडू आपटून आपटून पांढरी पडली आहे. इथल्या एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, नवीन छापलेलं प्लेफील्ड टाका, नवीन डोकं बसवा, बाहेरचे डेकल (चित्रांचे स्टिकर) नवे लावा, मशीन कारखान्यातून आल्यासारखं होईल. एकट्या प्लेफील्डचाच आकडा हजार डॉलरच्या वर, मजुरी वेगळी.

पैसा उभा करता येईल. पण एवढं सगळं बदलल्यावर माझ्याकडे नक्की काय उरेल, हे मला ठरवता येत नाहीये. तुम्ही काय कराल?

तांब्याची तार (एडिसन, न्यू जर्सी)

अबोलीताई, प्लेफील्डचं नंतर बघू. आधी आजच्या आज मागचा डबा उघडा. मुख्य बोर्डावर तीन डबल-ए सेल असतील, ते काढा. या काळातल्या मशीनचा सगळ्यात मोठा शत्रू झीज नाही, हे सेल. ते पाझरले की बोर्डावरची तांब्याची रेघ न् रेघ खातात. सेलचा कप्पा वायर जोडून बोर्डापासून लांब, खाली बसवता येतो. किंवा सेलशिवाय आठवण ठेवणारी चिप बसवा आणि विषय मिटवा.

मग फ्लिपर. कॉइल, म्हणजे फ्लिपर ओढणारं विजेचं चुंबक, लगेच बदलू नका, बहुतेक वेळा ती ठणठणीत असते. तिच्या आतली नायलॉनची नळी, तीत सरकणारा दांडा म्हणजे प्लंजर, त्याची लिंक, कॉइल स्टॉप आणि बुशिंग या पाच गोष्टी झिजतात. त्यांचा संच मिळतो, सगळ्या फ्लिपरना मिळूनही खर्च फार नाही. कॉइलमध्ये दोन वेटोळी असतात. जाड तारेचं फ्लिपर उचलतं, बारीक तारेचं नुसतं धरून ठेवतं. फ्लिपर वर पोचला की टोकाचा एक स्विच उघडतो आणि भार बारीक वेटोळ्यावर जातो. त्या स्विचचे संपर्क जळले असतील तर फ्लिपरला ताकद मिळत नाही, आणि तो उघडलाच नाही तर कॉइल जळते. तुमच्या मशीनमध्ये ते टंगस्टनचे आहेत, बारीक कानशीने घासून चालतात. १९९२ नंतरच्या मशीनमध्ये सोन्याचा मुलामा असतो, तिथे कानस लावायची नाही.

दिवे जात असतील तर बल्बच्या आधी पॉवर बोर्डावरचे कनेक्टर बघा. तपकिरी झालेले दिसतील. इतकी वर्षं तेवढा करंट वाहिल्यावर ते होणारच. पिना आणि कनेक्टर दोन्ही बदला, एकच बदललात तर पुन्हा जळेल. नंतर एलईडी लावले की करंट कमी होतो आणि त्यांना आराम मिळतो.

आणि चेंडू! २७ मिलिमीटरचा, ८० ग्रॅमचा पोलादी गोळा आहे तो. त्यावर चरे पडले की तो फिरती कानसच होतो. तीनही चेंडू बदला. प्लेफील्ड वाचवायचा याहून स्वस्त उपाय नाही.

जुना बाजार (पुणे)

पिनबॉलला मी हात लावलेला नाही, पण एचएमटीची चावीची घड्याळं वीसेक वर्षं गोळा करतोय, म्हणून बोलतो.

एचएमटी 'जनता' घड्याळाची मेनस्प्रिंग बदला, काच बदला, तेलपाणी करा, संग्राहक हू की चू करत नाही. घड्याळ चालायलाच हवं. पण डायल पुन्हा रंगवलंत की जाणकार ते खाली ठेवतो. एचएमटीचे भाव चढल्यापासून बाजारात चकचकीत रंगवलेल्या डायलांचा सुळसुळाट झाला आहे. लांबून देखणी दिसतात. भिंगाखाली अक्षरं जाड, कडा फुगलेल्या.

तुमची फळी आणि रुडीचा चेहरा म्हणजे मला ते डायल वाटतं. आत राबणारे भाग बदलायलाच केलेले असतात. चेहरा एकदाच मिळतो. आणि काहीही बदललंत तरी जुना भाग टाकू नका. पिशवीत घालून, वर चिठ्ठी लावून मशीनच्याच पोटात ठेवा.

लेफ्ट आउटलेन (सॅन होजे)

जुना बाजार, तुमचा आदर राखून सांगतो, मला हे पटत नाही. घड्याळाच्या डायलवर काही घरंगळत नाही. इथे ८० ग्रॅमचा गोळा त्याच रंगावरून दिवसभर धावतो. रंग गेला की उघडं लाकूड ओल आणि मळ पितं, मग वरचा पातळ थर रेषारेषांनी उचकटतो. खाली बसलेल्या इन्सर्टवर चेंडू गचका खातो, नेम धरलेला फटका भलतीकडे जातो. पॅट लॉलरने जो खेळ रचला तो तसा खेळताच येत नसेल तर जुना रंग जपून काय जपलं?

मी माझ्या एका मशीनचं प्लेफील्ड बदललंय आणि खेळताना रोज त्याचं समाधान वाटतं. पण काम सोपं नाही, हेही सांगायला हवं. वरचा प्रत्येक खांब, रॅम्प, प्लास्टिक उतरवायचं. मग फळी उलटी करून स्विच, कॉइल, दिव्याची होल्डरं आणि त्या सगळ्यांना सोल्डर केलेला वायरींचा जाडजूड जुडगा अखंड उचलून नव्या फळीवर ठेवायचा. पावलोपावली फोटो काढावे लागतात. नव्या फळीवर स्क्रूच्या खुणा मूळच्या जागी असतीलच असं नाही, एखादा स्विच दोन मिलिमीटर सरकला की चेंडू तिथे अडकतो. वरचा पारदर्शक थर ताजा असेल तर खांब आवळताना त्याच्या बुडाशी लाट येते, कधी टवकाही उडतो. म्हणून फळी आणून निदान काही महिने तशीच मुरू द्यावी.

तेव्हा माझं मत: झीज हाताच्या पंज्याहून मोठी असेल, लाकूड उचकटू लागलं असेल, तर बदला. नसेल तर थांबा. रुडीच्या ओठाने मात्र खेळात काडीचा फरक पडत नाही.

अबोली

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी काच काढून प्लेफील्ड उभं केलं.

सेल तांब्याची तार यांनी सांगितले तसेच सापडले, एकाच्या टोकाला पांढरी बुरशी धरू लागली होती. बोर्डाला अजून लागण नाही. सेल काढून टाकले. फ्लिपरची नळी आतून काळीठिक्कर होती आणि प्लंजरचं टोक ठोके खाऊन छत्रीसारखं पसरलं होतं, ओढूनही नळीतून निघेना. कनेक्टर तपकिरी. चेंडू बोटांत फिरवले तर नखाला चरे लागत होते.

फळीच्या खालच्या अंगाला कागदी चिकटपट्टीचे तुकडे आहेत. त्यांवर पेन्सिलीने कुठली कॉइल कधी बदलली त्याच्या तारखा, सगळ्या नव्वदच्या दशकातल्या. अक्षर आजोबांचं. फोनवर विचारलं तर म्हणाले, दर सोमवारी सेंटर बंद असायचं तेव्हा ते स्वतः मशीन उघडत. म्हणजे हे मशीन भाग बदलत बदलतच इथवर आलं आहे, आणि ते बदलणाऱ्याने फळीला हात लावलेला नाही. नवं प्लेफील्ड टाकलं तर या पट्ट्या उतरवून फाइलमध्ये ठेवाव्या लागतील. ते मला नको आहे.

झीज मोजली. सगळ्यात मोठा डाग तळहाताच्या निम्म्याहून लहान आहे आणि लाकूड कुठे उचकटलेलं नाही. लेफ्ट आउटलेन यांच्याच कसोटीने फळी राहते. उघड्या लाकडावर मळ साफ करून मायलरची पारदर्शक फिल्म लावणार, रंग भरणार नाही. रुडीला तसाच ठेवणार. फ्लिपरचे संच, रबर, कनेक्टर, चेंडू मागवले आहेत.

मुद्दा राहिला खाली बसलेल्या इन्सर्टचा. घड्याळातला चाराचा आणि पाचाचा, दोन्ही नखाने जाणवतील इतके खाली आहेत, आणि चेंडू तिथे खरंच वळतो. फळी न बदलता ते वर आणता येतात का?

तांब्याची तार (एडिसन, न्यू जर्सी)

येतात. दिव्याचं होल्डर बाजूला करा आणि खालून हीट गनने हळूहळू ऊब द्या, हात भाजणार नाही इतपतच. जुना गोंद सैल पडतो. मग वरून सपाट धातूचा ठोकळा धरून खालून इन्सर्ट लाकडी दांड्याने दाबत ठोकळ्याला टेकवा. पातळीत आला की खालून कडेने इपॉक्सी सोडा आणि रात्रभर क्लॅम्प ठेवा. वर छापलेला आकडा आहे, म्हणून वरून उष्णता अजिबात नको. आधी कडेचा, न दिसणारा एखादा इन्सर्ट करून बघा. चाराला हात घालण्यापूर्वी त्याचा फोटो इथे टाकलात तर बरं, मध्येच खळगा पडलाय की पूर्ण टिकली खाली गेली आहे ते बघून सांगतो. खळगा असेल तर ढकलून भागणार नाही, वरून पारदर्शक थराने भरावा लागेल.