कबड्डीत गुडघा पिरगळला आहे. थांबून पाहावे का?

प्रश्न (एक पालक, कळवा)
माझा १६ वर्षांचा मुलगा ठाण्यातील एका मंडळाकडून कबड्डी खेळतो. परवा चढाईवरून परतताना पाय मॅटवर रोवलेला असतानाच त्याने अंग वळवले. तेव्हा गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आल्याचे तो सांगतो, आणि दोन तासांतच गुडघा टम्म सुजला. आता तो लंगडत का होईना चालतो, त्यामुळे तेलाने मालीश आणि गरम शेक पुरेसा आहे, असे आमच्या सासूबाईंचे मत आहे. निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वाशी)
कृपया वाट पाहत थांबू नये. पाय रोवलेला असताना वळणे, आवाज येणे आणि काही तासांत सूज चढणे या तिन्ही गोष्टी एकत्र असल्या की सांध्यात रक्त साचले आहे आणि एसीएल हा गुडघ्याच्या आत हाडांना जोडणारा अस्थिबंध फाटला असावा, अशी शंका आधी घ्यावी लागते. गादीला, म्हणजे मेनिस्कसला, इजा झाल्यास सूज बहुधा दुसऱ्या दिवशी दिसते. चालता येते यावर विसंबू नये, कारण सरळ चालताना या अस्थिबंधावर फारसा ताण येत नाही. गुडघा निसटतो तो वळताना. वाढीच्या वयात कधी कधी अस्थिबंध शाबूत राहून तो जिथे चिकटलेला असतो तिथला हाडाचा तुकडाच निघतो, म्हणून एक्स-रे आधी काढतात आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी हाताने तपासल्यावर गरजेनुसार एमआरआय करतात. मालीश आणि शेक तूर्त बंद ठेवावेत. गुडघा अडकत असेल किंवा पूर्ण सरळ होत नसेल, तर विलंब अजिबात नको.

उत्तर (हौशी धावपटू, ठाणे)
येऊरच्या उतारावर माझा घोटा आतल्या बाजूस मुरगळला होता, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रेसुद्धा काढला नाही. चार पावले टाकता येत होती आणि घोट्याच्या हाडांवर दाबल्यास दुखत नव्हते, एवढे त्यांना पुरले. प्रत्येक दुखापतीला यंत्रात घालायलाच हवे का?

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, वाशी)
आपल्या डॉक्टरांचे बरोबरच होते. मात्र तो नियम अस्थिभंग ओळखण्यासाठी आहे. गुडघ्यातील अस्थिबंध फाटला आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

उत्तर (क्रिकेट प्रशिक्षक, नेरूळ)
झेल घेताना माझ्या करंगळीच्या टोकावर चेंडू बसला आणि पुढचे पेर खाली लोंबू लागले. ‘बोट उतरले’ असे समजून मित्राने ते ओढले. प्रत्यक्षात वरचा स्नायुबंध तुटला होता. बोट सहा ते आठ आठवडे पट्टीत सरळ ठेवायचे होते, पण तिसऱ्या आठवड्यात आंघोळीसाठी मी पट्टी काढली, बोट वाकले आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू झाली. करंगळी आजही वाकडीच आहे. गुडघ्याच्या बाबतीत असा प्रयोग करू नये, आणि निवड समितीला आजच कळवून टाकावे.

प्रश्नकर्ता
वरचे वाचून त्याला पलंगावर पाय ताणायला सांगितले. दुसऱ्या पायाइतका तो सरळ होत नाही. संध्याकाळची वेळ घेतली आहे.